मीटर उघडण्याआधी

जुन्या गाडीचा स्पीडोमीटर बिघडला की बहुतेकांचा हात आधी डॅशबोर्डकडे जातो. स्क्रू निघतात, मीटर बाहेर येतो, काच उतरते आणि चांगल्या यंत्राची वाट लागते. झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी आमचं एक, आणि जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करणं हे माझं काम. माझ्या टेबलावर येणाऱ्या मीटरांपैकी बरेचसे मुळात धडधाकट असतात. दोष असतो तो गाडीच्या पोटाखालून येणाऱ्या केबलमध्ये.

बरुआसागरच्या एका आल्याच्या व्यापाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांची मार्क टू अ‍ॅम्बॅसिडर आहे. बरुआसागर झाशीहून वीस-बावीस किलोमीटरवर, खजुराहोच्या रस्त्याला. आल्याची बाजारपेठ म्हणून या भागात नाव असलेलं गाव. गाडी निघाली की काटा तीस-पन्नासच्या मध्ये नाचायचा, वेग वाढला की जरा शांत व्हायचा. ‘‘भाईसाब, नवा मीटरच बसवून टाका,’’ ते म्हणाले. मी विचारलं, ‘‘खालचे किलोमीटरचे आकडे सरकतात का?’’ ते सरकत होते.

हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो, कारण मीटरच्या डबीत दोन वेगळी यंत्रं एकाच केबलवर चालतात. आकडे दातेरी चाकांनी ढकलले जातात. काटा मात्र केबलला जोडलेला नसतो. केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती काट्याला जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, तरी फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. एक बारीक हेअरस्प्रिंग तिला धरून ठेवते. ओढ आणि स्प्रिंग यांचा जिथे मेळ बसतो, तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्झे या जर्मन माणसाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर आपला वेग सांगत राहिल्या. इतकी वर्षं हाताळूनही त्या न शिवणाऱ्या वाटीचं मला अप्रूप वाटतं.

म्हणून निदान सोपं होतं. काटा आणि आकडे दोन्ही ठप्प असतील तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्सच्या पिनियनचे दात गेले आहेत. आकडे चालतात पण काटा मेला आहे, तर दोष खरोखर मीटरच्या आत. काटा नेहमीपेक्षा कमी दाखवत असेल तर चुंबक दुबळं झाल्याचा संशय घ्यावा, जास्त दाखवत असेल तर स्प्रिंग ढिली पडल्याचा. काटा नाचत असेल, तर मीटरला हात न लावता गाडीखाली जावं.

व्यापाऱ्यांच्या अंगणात आम्ही तेच केलं. केबलची वरची चकती सोडली, आतली तार हळूहळू ओढून घेतली आणि फरशीवर सरळ पसरली. एक टोक बोटांत धरून सावकाश फिरवलं. चांगली तार अशी फिरवली तर दुसरं टोक तितक्याच शांतपणे फिरतं. ही तार थोडं वळण घ्यायची, अडायची आणि मग टुणकन उडी मारायची. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, म्हणजे फायरवॉलजवळ, कोणीतरी केबलला काटकोनात दाबलं होतं, तिथे तारेला पीळ पडला होता. वेग कमी असताना ती उडी काट्यात दिसते, वेग वाढला की झटके लागोपाठ येऊन काटा स्थिर भासतो. केबलचं वळण मोठं आणि सैल हवं, वितीपेक्षा लहान नको.

तारेचं वरचं टोक काळ्या तेलाने माखलं होतं, आणि मला जास्त काळजी त्याची वाटली. गिअरबॉक्सचं सील गळकं झालं की फिरती तार तेल वर चढवत नेते. ते वाटीपर्यंत पोचलं की वाटी चिकट होते आणि काटा भलतंच बोलू लागतो. घाईने सढळ हाताने ग्रीस भरणारेही हाच घात करतात. ग्रीस खालच्या भागाला, तेही पातळ, आणि वरची चार बोटं कोरडी. सील बदललं, नवी तार घातली, केबल ढिल्या वळणाने बांधली.

मग तपासणी. हातगाड्या आणि ट्रकांची वर्दळ संपली की झाशीच्या दिशेने, बेतवेच्या पुलाकडे जाणारा रस्ता यासाठी छान आहे, कारण कडेला किलोमीटरचे दगड आहेत. काटा साठवर स्थिर ठेवायचा आणि शेजारच्याने घड्याळ पाहायचं. दोन दगडांमध्ये ६० सेकंद लागले तर मीटर खरा. ७२ सेकंद लागले तर गाडी पन्नासनेच चालली होती. त्या संध्याकाळी घड्याळ ६० च्या आसपासच राहिलं.

फरक आला तरी मीटर उघडण्याची घाई नको. टायर आधी पाहावेत. अ‍ॅम्बॅसिडरची मूळ चाकं ५.९०-१५ मापाची. त्याहून लहान घेराचा टायर लावला की चाकाला तेवढ्याच रस्त्यासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात आणि मीटर फुगवून सांगतो. शंका राहिलीच तर केबल मीटरपासून सोडून तारेच्या टोकाला कागदाचा बाण लावा, गाडी हाताने १० मीटर ढकला, बाणाचे फेरे मोजा आणि १०० ने गुणा. एका किलोमीटरला तार किती फिरते ते निघतं. स्मिथ्सच्या जुन्या मीटरांवर हाच आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो, फक्त मैलाच्या हिशेबाने.

आतली स्प्रिंग खरोखर गेलेली असेल तर मी मीटर जुन्या पद्धतीच्या घड्याळजीकडे नेतो. त्यांच्या चिमट्याला जी सवय आहे ती गॅरेजच्या पान्याला नाही. असे घड्याळजी आता थोडे उरलेत, म्हणून जिथे आहेत तिथे त्यांना काम द्यायला हवं. डबीत इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवून वरचा चेहरा जुना ठेवणारेही भेटतात, पण ती गाडी मला अर्धवट वाटते. आणि किलोमीटरचे आकडे मागे फिरवायला कोणी सांगितलं तर मी काम परत करतो, समोरचा कितीही जवळचा असला तरी.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल आणि काटा नाचत असेल, तर मीटरच्या स्क्रूला हात लावू नका. तार बाहेर काढा, फरशीवर ठेवा, बोटांनी फिरवून बघा.