भुकेचे महिने

सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यात भूक आषाढात येते. कणगीचा तळ लागलेला असतो, आवणीमुळे अंगमेहनत वर्षातली सर्वात जास्त असते आणि नवं धान्य यायला दोन-तीन महिने असतात. या दिवसांसाठी आदिवासी कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी कर्जाचं नावच ‘खावटी’ होतं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा मी कृषिविद्या शिकत होतो. आम्हाला हेक्टरी उत्पादन मोजायला शिकवलं होतं. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात इतकी वर्षं काढल्यावर मी आधी महिने मोजतो: कोणतं धान्य कोणत्या महिन्यात घरात येतं?

जुन्या शेतकऱ्यांनी हे महिने फार बारकाईने वाटून घेतले होते. हळवी नाचणी तीन-सव्वातीन महिन्यांत तयार होते, गरवीला चार-साडेचार लागतात, निमगरवी मधली. भातातही तसंच. हळव्या वाणाचं उत्पन्न कमी, पण त्याचं काम वेगळं; भादवा सरताना ते घरात भाकरी आणतं. वरकस जमिनीवर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग खुरासणी आणि पुढे जमिनीला विसावा. बांधावर घेवडा, परसात वाल. आणि रानात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. कडूकंद राख घालून उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा काढायचं ज्ञान तर कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

‘जास्त उत्पन्न’ या एका मापाने आम्ही तज्ज्ञांनी हळवी वाणं निकालात काढली. ही आमची मोठी चूक होती, आणि आता तिची किंमत वाढली आहे. पाऊस ऐन आवणीत दडी मारतो, परतताना ऑक्टोबरात काढणीला आलेलं पीक झोपवतो. सगळं शिवार एकाच वाणाचं असेल तर एक सर सगळ्यांचा घास नेते. नाचणी दोन-तीन आठवडे ताण सोसून पुन्हा उभी राहते. तिचा दाणा इतका बारीक की कीड सहसा लागत नाही; वर्षानुवर्षं टिकतो. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, सडीक तांदळात जेमतेम १०. बाळंतिणीला आंबील देणाऱ्या सुइणीला हा आकडा माहीत असायची गरज नव्हती.

मग ही पिकं मागे का पडली? पावसाआधी मुसळाचं नाव घ्यावं लागेल. नाचणी थेट दळता येते. वरईचं टरफल मात्र काढावंच लागतं. उखळात दोघी बायांनी तास-तास कांडावं तेव्हा घरापुरती भगर निघायची. त्यापेक्षा वरई व्यापाऱ्याला घालून तांदूळ आणणं त्यांना परवडलं, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. एकादशीला आपल्या ताटात येणारी भगर अशाच उतारांवरून गिरणीत गेलेली असते. ज्या वाडीत बचत गटाने टरफल काढायचं छोटं यंत्र बसवलं, तिथे वरईचा पेरा परत वाढताना मी पाहिला. बियाण्याइतकंच हे यंत्र मला महत्त्वाचं वाटतं.

तसंच रेशनचं. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद होती, किलोला १ रुपया; दुकानात आले ते बहुतेक तांदूळ आणि गहू. ओडिशाने २०१७ पासून वेगळी वाट धरली. तिथे सरकार नाचणी हमीभावाने विकत घेतं, काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना तिचे लाडू मिळतात. आपल्याकडे २०२३च्या आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्षानंतर शहरातली मागणी वाढली, त्याचा मला आनंद आहे. पण चांगला भाव आला म्हणून कणगी रिकामी झाली आणि आषाढात घरात फक्त तांदूळ उरला, असंही मी पाहिलं आहे. म्हणून सरकारी खरेदीचा पहिला वाटा त्याच तालुक्यातल्या अंगणवाडीला मिळावा, हा माझा आग्रह आहे.

आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हळव्या नाचणीचं बी मला मात्र एका वाडीत, आढ्याला टांगलेल्या शिंकाळ्यात सापडलं. जेमतेम दोन शेर. ते आम्ही सात घरांत वाटलं. दसऱ्याआधीच तिची कणसं खुडून झाली. तेव्हा वाडीच्या उतारावर गरवी नाचणी अजून उभी होती, शेजारी खुरासणी पिवळी फुललेली होती आणि सातही घरांत पुढच्या मृगासाठी बी बांधून ठेवलेलं होतं.