सगळ्या घराची गाणी

जपानमध्ये १९७०च्या दशकात शाळेत असलेल्या कुणाकडे त्या वेळी घरी भरलेली कॅसेट अजून शिल्लक असेल, तर तिच्यात गाण्यापेक्षा घरच जास्त ऐकू येतं. टीव्हीला जोडायची वायर बहुतेक मुलांकडे नसायची. मग टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर आणून ठेवायचा, सगळ्यांना गप्प बसायची ताकीद द्यायची आणि बटण दाबायचं. ऐन कडव्यात आई स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारायची. धाकटा भाऊ मुद्दाम खोकायचा. तेव्हा त्यावरून भांडणं व्हायची. आता पन्नाशी-साठी ओलांडलेल्या त्या मुलांना कॅसेटमधली ती आईची हाकच हवी असते. गाणं काय, कुठेही मिळतं.

शोवा काळातल्या, म्हणजे १९८९ साली वारलेल्या सम्राटांच्या काळातल्या, या गाण्यांबद्दल जपानी माणसं बोलायला लागली की गायकाच्या गळ्याबद्दल फारसं बोलतच नाहीत. टीव्ही कुठल्या कोपऱ्यात होता, वडील कुठे बसायचे, आजी संत्री कशी सोलायची, हेच सांगत राहतात. मला वाटतं, यामागचं कारण साधं आहे. ही गाणी त्यांनी निवडलेली नव्हती. घरात टीव्ही एकच, तोही चानोमात, म्हणजे जेवणाच्या आणि बसण्याच्या खोलीत. थंडीत सगळ्यांचे पाय एकाच कोतात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलाच्या, दुलईखाली. चॅनेल कुठलं लावायचं ते वडील ठरवणार. त्यामुळे आजीला नातीची गाणी ऐकावी लागायची आणि नातीला आजीची. आवडनिवड विचारायची सोयच नव्हती, आणि पाठ मात्र सगळ्यांना सगळंच व्हायचं.

गुरुवारी रात्री नऊला टीबीएसवर 'द बेस्ट टेन' लागायचं. १९७८च्या जानेवारीत ते सुरू झालं. आपल्याकडे बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की घरं जशी कान टवकारून बसायची, तसाच हा प्रकार. फक्त इथे गायक समोर दिसायचे. सूत्रसंचालक दोघं : हिरोशी कुमे आणि तेत्सुको कुरोयानागी. होय, त्याच 'तोत्तोचान'च्या लेखिका. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे आपल्याला त्या रेल्वेच्या डब्यातल्या शाळेतली खोडकर मुलगी म्हणून माहीत आहेत. जपानी घरांत त्या आधी दर आठवड्याला येणाऱ्या, भरभर बोलणाऱ्या बाई होत्या. गायक स्टुडिओत पोचू शकला नाही तर कॅमेरा त्याच्या मागे जायचा. १९८०च्या ऑगस्टमध्ये सेइको मात्सुदा हानेदा विमानतळावर विमानातून उतरली आणि तिथेच गायली. १९७९ साली हिदेकी साइजोच्या 'यंग मॅन'ला ९९९९ असे पैकीच्या पैकी गुण पडले, तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळेत दुसरा विषयच नव्हता. त्या गाण्यावर हात वर करून इंग्रजी अक्षरं काढायची ती कसरत आज आजोबा झालेली माणसंही न विसरता करून दाखवतात. करू नका म्हटलं तरी करतात.

मुलींसाठी मात्र पिंक लेडी. मिई आणि केई, दोघी गायिका १९७६ साली आल्या आणि देशभरातल्या शाळकरी मुली आरशासमोर त्यांचे हातवारे घोटायला लागल्या. एकीने मिई व्हायचं, दुसरीने केई. धाकट्या बहिणीला उरेल ते. आयांना ते तोकडे कपडे पसंत नव्हते, पण नाच बसवून देण्यात मदत करणाऱ्याही त्याच. गंमत अशी, की पिंक लेडीचं 'यूएफओ' ज्यांनी लिहिलं त्या यू आकू यांनीच त्याच वर्षी, १९७७ साली, सायुरी इशिकावासाठी 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी' लिहिलं. एक गाणं परग्रहावरच्या प्रियकराचं. दुसरं हिवाळ्यात उत्तरेकडे एकटीच परत निघालेल्या बाईचं, आओमोरीहून हाकोदातेला जाणाऱ्या बोटीचं. नात पहिल्यावर नाचायची, आजी दुसऱ्यावर डोळे पुसायची, आणि दोघींना शब्द पुरवणारा माणूस एकच. आजच्या कुठल्या गीतकाराला एकाच घरातल्या दोन टोकांना असं धरून ठेवता येईल, मला शंका आहे. ती बोट १९८८च्या मार्चमध्ये बंद झाली, समुद्राखालून बोगदा झाला. गाणं अजून चालू आहे.

मोमोए यामागुचीबद्दल बोलताना लोकांचा आवाज जरा खाली येतो. १९७३ साली चौदा वर्षांची असताना ती आली. तिच्यात एक न हसणारा शहाणपणा होता, त्यामुळे बापांनाही ती चालायची. १९७७चं तिचं 'कॉसमॉस' मासाशी सादा यांनी लिहिलं आहे : लग्नाच्या आदल्या दिवशीची मुलगी, आणि फोटोंचा आल्बम उलटत त्याच त्या जुन्या गोष्टी पुन्हा सांगणारी आई. गाताना मोमोए अठरा वर्षांची होती, पण गाणं ऐकायच्या त्या आया. मुली ते नुसतं गुणगुणायच्या. अर्थ त्यांना लागला तो स्वतःचं लग्न ठरल्यावर, आणि खरा लागला तो आई गेल्यावर. ५ ऑक्टोबर १९८० रोजी बुदोकानमधल्या शेवटच्या कार्यक्रमात मोमोएने पांढरा माइक मंचावर ठेवला आणि ती आत गेली. एकवीस वर्षांची होती. लग्न केलं, संसार केला, आणि गायला परत कधीही आली नाही. इतका पक्का निरोप मी दुसऱ्या कुणा लोकप्रिय कलावंताचा पाहिलेला नाही. त्यामुळे त्या पिढीच्या मनात ती म्हातारी झालीच नाही.

वडिलांचं गाणं वेगळं. १९६४ साली आलेलं हाचिरो इझावा यांचं 'आ उएनो एकी'. युद्धानंतर तोहोकूच्या खेड्यांतून पंधरा वर्षांची मुलं शाळा संपली की खास गाड्यांत भरून टोकियोला कामाला पाठवली जायची. कारखान्यांत, दुकानांत. मालक लोक त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणायचे. गाडी उएनो स्टेशनवर रिकामी व्हायची. हे गाणं लागलं की वडील बोलणं थांबवायचे. त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि मुलांनीही विचारलं नाही. ते उएनोला कसे उतरले असतील, हे मुलांना कळलं ते या गाण्यातून. स्टेशनबाहेर आज त्या गाण्याचा शिलालेख आहे.

मग १९७९च्या जुलैत सोनीचा वॉकमन आला. मुलांच्या खोल्यांत दुसरा टीव्ही शिरला. ज्याचं गाणं त्याच्या कानात. १९८९ साली तर सगळं एकदमच आवरलं : ७ जानेवारीला सम्राट गेले आणि शोवा काळ संपला, २४ जूनला युद्धानंतरच्या जपानचा आवाज असलेली हिबारी मिसोरा गेली, सप्टेंबरअखेर 'द बेस्ट टेन' बंद झालं. वर्षअखेरीचा 'कोहाकू उता गास्सेन' हा टीव्हीवरचा गाण्यांचा कार्यक्रम मात्र ३१ डिसेंबरला अजून होतो. १९६३ साली तो ८१.४ टक्के घरांनी पाहिला होता. २०२३ साली त्याच्या उत्तरार्धाला ३१.९ टक्के मिळाले.

हल्ली जगभरची तरुण मुलं मारिया ताकेउची, मिकी मात्सुबारा यांची तेव्हाची शहरी गाणी शोधून ऐकतात. ऐकावीत, सुरेख आहेत. पण ती एकेकट्याने ऐकायची गाणी. मी म्हणतो तो मामला निराळा.

टोकियोत, विशेषतः निशी-कासाईच्या आसपास, आता मराठी कुटुंबंही आहेत. त्यांना एक विनंती. इमारतीतल्या जपानी आजी-आजोबांशी ओळख काढा, पण त्यांना आवडतं गाणं विचारू नका. भिडेपोटी काहीतरी सांगतील. तुमच्या घरात टीव्ही कुठे होता, एवढंच विचारा, आणि चांगला तासभर मोकळा ठेवा.