डिकीतली पिढी

शिरोळ तालुक्यात आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला प्रवासातलं प्रत्येक गाव मागं पडल्यावरच दिसलं. कारण ती गाडीच्या डिकीत, उलट्या तोंडानं बसायची. पुढं आजोबा आणि गाडी चालवणारे काका, मधल्या सीटवर घरातल्या बायका, त्यांच्या मांडीवर तान्ही पोरं, आणि ज्याला स्वतःचा तोल सांभाळता येतो असं प्रत्येक पोर मागं, पिशव्यांवर. निपाणी आली हे आम्हाला निपाणी गेल्यावर कळायचं. पट्टा नाही, सीट नाही, धरायला फक्त एकमेकांचा सदरा. आज आमच्या पोरांना कुणी असं बसवलं तर आम्ही भांडायला उठू, आणि ते योग्यच आहे. तेव्हा मात्र त्या जागेसाठीच भांडणं व्हायची.

घर म्हणजे चार भाऊ, चार जावा, माहेरपणाला आलेली एखादी आत्या आणि एकच चूल. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी जमीन, तिच्यात ऊस, आणि कारखान्याकडून उसाचं बिल जमा झालं की मग घरातल्या खरेद्या. ट्रॅक्टरचा हप्ता, बोअर, पोरीचं लग्न, मागच्या पडवीवर पत्रे. चारचाकीचा नंबर पार शेवटी लागायचा. तोवर वडाप होतंच. जयसिंगपूर, शिरोळ, वाडी, कुरुंदवाड या रस्त्यावर जीपवाला दोघांच्या जागेत चौघं बसवायचा आणि वर म्हणायचा, “सरका की जरा, अजून एक बसतोय.” नरसोबाच्या वाडीला दर्शनाला, खिद्रापूरला पाहुण्यांना कोपेश्वराचा स्वर्गमंडप दाखवायला, सांगलीला डोळे तपासायला, सगळीकडं वडाप. स्वतंत्र गाडी लागायची ती फक्त लांबच्या प्रवासाला, आणि तीही भाड्यानं आणलेली असायची.

आमच्या घरात काळ मोजायचा तो महामस्तकाभिषेकावरून. तालुक्यात जैन घरं भरपूर, नांदणीचा मठ इथंच. त्यामुळं श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या ५७ फुटी मूर्तीला अभिषेक असला की गल्लीतल्या अर्ध्या घरांना कुलुपं लागलेली. डिसेंबर १९९३ चा अभिषेक आम्हा पोरांच्या आठवणीतला पहिला. भाड्याची ट्रॅक्स ठरवली होती. इचलकरंजी, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे आणि पुढं. तेव्हा तो हायवे एकेरी होता, म्हणजे ट्रकमागं ट्रक आणि त्यामागं आमची ट्रॅक्स.

दिवस मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे हा घरचा नियम गाडीलाही लागू होता. त्यामुळं उन्हं कलली की एखादं झाड आणि पाणी बघून ड्रायव्हरला थांबवायचं. मागचं दार उघडलं की आधी आम्ही खाली पडायचो, मग स्टोव्ह, मग पाणी गाळायचं फडकं, मग डबे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरी केलेले बिनलसणीचे भडंग. (जयसिंगपूरचे भडंग नावाजलेले, पण लसणामुळं आजीच्या लेखी ते बाद.) आक्का फडकं दोन्ही हातांनी ताणून धरायची, धाकटी काकी वरून कळशी ओतायची, आणि पाणी गाळून झाल्याशिवाय कुणाच्या घशात थेंब जायचा नाही. ड्रायव्हर लांब बिडी ओढत हे सगळं बघत असायचा. गोमटेश्वराच्या, म्हणजे त्याच बाहुबलींच्या, पायाशी कोरलेली मराठी ओळ शाळेतल्या मास्तरांनी बघून यायला सांगितली होती. ती पाहिली की नाही ते आठवत नाही. फडक्यातून झिरपणारं पाणी मात्र आजही डोळ्यापुढं आहे.

त्या प्रवासानं आण्णांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली. घरची गाडी पाहिजे, आणि ती मागं मोकळी पाहिजे.

टेल्कोनं १९८८ मध्ये टाटा मोबाइल हा पिकअप काढला होता. त्याच्यावरूनच १९९१ ला सिएरा झाली आणि १९९२ ला एस्टेट. लांब, सपाट छताची, चार दारं आणि पाचवं दार मागं, छतापासून उघडणारं. पॉवर स्टिअरिंग, बटणावर खाली-वर होणाऱ्या काचा. आमच्या भागात तेव्हा काच खाली करायची म्हणजे हँडल फिरवायचं, आणि बऱ्याच गाड्यांत ते हँडल ड्रायव्हरच्या खिशात असायचं. पण १९९४ ला सुमो आली आणि एस्टेटचा खेळ आटोपला. सुमोत दहाजण बसायचे, ती उंच होती, कारखान्याच्या संचालकापासून वडापवाल्यापर्यंत सगळ्यांना चालायची. आण्णांनी मात्र इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याकडून वापरलेली एस्टेट आणली. पांढरी. गावात शिरताच पारावरून पहिली हाक आली, “काय आण्णा, ॲम्ब्युलन्स घेतलासा काय?”

भारतात स्टेशन वॅगन का चालली नाही यावर पुष्कळ बोललं जातं. माझ्या मते निम्मं उत्तर त्या हाकेत आहे. आपल्याकडं गाडीला मागं वेगळी डिकी असली तर ती मोठ्या माणसाची, उंच असली तर पुढाऱ्याची, आणि मागं सपाट असली तर दवाखान्याची नाही तर त्याहून पुढच्या कामाची. मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग, टाटांचीच २००४ ची इंडिगो मरिना. सगळ्या आल्या, थोड्याफार खपल्या आणि गेल्या. युरोपात हीच जात मधल्या पगाराच्या घरांची हक्काची गाडी. पोरं, कुत्रं, सायकली, सगळं मागं टाकून सुट्टीला निघायचं. तिथल्या घरांना वॅगनची लाज वाटली नाही. आपल्याला वाटली.

आण्णांना लाज वगैरे नव्हती. त्यांनी डिकीत एक जुनी सतरंजी अंथरली आणि ती डिकी घराची सातवी खोली झाली. पेंडेची पोती, गुळाच्या ढेपा, वाडीहून आणलेली कवठाची बर्फी, कोल्हापूरहून आणलेलं पंपाचं सामान आणि त्या सगळ्याच्या वर आम्ही. सतरंजीला कायम पेंड आणि गुळाचा मिळून एक वास होता. उन्हाळ्यात मागच्या काचेतून ऊन थेट मानेवर. रात्री परतताना त्याच काचेतून दिसायच्या उसाच्या ट्रॉल्या, दिवे नसलेल्या, मागं लाल फडकं बांधलेल्या. काकू पुढून ओरडायची, “पोरं जागी हायत का झोपली?” कुणीतरी झोपेतच उत्तर द्यायचं, “जागी हाय.”

फक्त स्तवनिधीच्या घाटात गाडी दमायची. निपाणी सोडली की तो चढ लागतो. दोन लिटरच्या आतलं साधं डिझेल इंजिन, आत डझनभर माणसं, छतावर गाद्या. आण्णा दुसऱ्या गिअरवर यायचे, पंखा बंद करायचे, बायका आपोआप गप्प व्हायच्या. दोष गाडीचा नव्हता, आमच्या वजनाचा होता. तेव्हा टर्बो हा शब्द आम्ही ट्रकच्या मागं रंगवलेला वाचायचो, तेवढाच.

पुढं इंजिनिअर झालेल्या चुलतभावानं एकदा अंगणात काडीनं रेघा ओढून ते समजावलं. सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट जातो त्याच्या झोतावर एक छोटं चक्र फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येतं, त्यामुळं लहान इंजिन मोठ्या इंजिनाएवढं ओढतं. चक्राचे फेरे मिनिटाला लाखाच्या वर. डिझेलला हे सहज मानवलं. पेट्रोलची अडचण अशी की दाबलेली हवा तापते, मग ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच पेट्रोल आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके द्यायला लागतं. ते आवरायला हवा थंड करायची जाळी, नेमका पुरवठा करणारे इंजेक्टर, संगणक असं सगळं लागलं, म्हणून घरगुती टर्बो पेट्रोल आपल्याकडं उशिरा आलं. स्कोडानं २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आणली, १.८ लिटर, १५० घोड्यांची. ऑक्टाव्हियाची कॉम्बी नावाची वॅगनही तेव्हा इथं मिळायची. पण शिरोळात पेट्रोल म्हणजे लुना आणि बुलेटचं. घरात ट्रॅक्टरचं डिझेलचं बॅरल असताना पेट्रोलची मोटार कोण घेणार?

जुलै-ऑगस्ट २००५ च्या महापुरात त्या सपाट डिकीनं जे काम केलं ते दुसऱ्या कुठल्या गाडीनं केलं नसतं. आजी अंथरुणाला खिळली होती. पाणी वेशीजवळ आलं तसा बाबांनी मागची सीट पाडली, गादीसकट आजीला उचललं आणि आडवं ठेवलं. एका बाजूला आक्का तिचा हात धरून, दुसऱ्या बाजूला देव्हाऱ्यातल्या मूर्तींची पेटी, उताऱ्यांची फाईल आणि शिलाई मशीन. आण्णांनी गाडी जयसिंगपूरला पाहुण्यांच्या दारात नेऊन लावली. आजी पुढं महिनाभर तिथंच होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की मी झोपून आले, एक धक्का लागला नाही. पारावरून ॲम्ब्युलन्स म्हणणाऱ्यांनीही मग तो शब्द सोडला.

फेब्रुवारी २००६ चा महामस्तकाभिषेक हा एस्टेटचा शेवटचा लांब प्रवास. आम्ही पोरं तोवर कॉलेजच्या पुढची. डिकीत बसायला गुडघे मुडपावे लागत होते, तरी बसलो. हायवे बराचसा चौपदरी झाला होता. स्तवनिधीच्या चढावर आण्णांनी नेहमीप्रमाणे पंखा बंद केला.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला केंद्राचा अर्थसंकल्प आला आणि लहान मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर उतरलं. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेव्हा घरात कुणी त्याची दखल घेतली नाही. पण लांब पाठीची गाडी या देशात कायमची महाग झाली ती त्या दिवशी. कंपन्यांनी सेडानच्याही शेपट्या छाटून चार मीटरच्या आत बसवल्या. मग २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर बाजारावर सोडले, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं आणि लहान डिझेल इंजिन परवडेना. उरलं ते हजार-बाराशे सीसीचं पेट्रोल, आणि त्यात जीव आणायचा तर टर्बो हवाच. टाटांची नेक्सॉन तर आधीच, २०१७ मध्ये, आली ती पुण्याजवळच्या रांजणगावातून, बाराशे सीसीच्या आतलं टर्बो पेट्रोल घेऊन. नियमात जेमतेम बसणारं.

मधल्या काळात चूल वेगळी झाली होती. भांडण असं काही नाही. एक भाऊ पुण्याला, एक कोल्हापूरला, एकाचं जयसिंगपूरला मेडिकल. फेब्रुवारी २०१८ च्या अभिषेकाला आम्ही वेगवेगळ्या गाड्यांतून निघालो, प्रत्येकीत चौघं. चुलतभावाची नवीकोरी टर्बो पेट्रोल होती. स्तवनिधीचा चढ तिनं बोलता बोलता संपवला, एसी चालू ठेवून. मागं बसलेल्या त्याच्या पोरीनं मोबाइलवरून मान वर केली नाही. जेवायला थांबलो ते हॉटेलात, दिवस मावळायच्या आत, तेवढा नियम टिकला. आक्का जेवता जेवता म्हणाली, “गाडी चांगली हाय रं. पण तुम्ही सगळे हितं भेटताय, गाडीत न्हाई.” एस्टेटमध्ये जागा होती तेव्हा इंजिनात दम नव्हता, आता दम आलाय तर डिकीत दोन बॅगांपलीकडं काही मावत नाही, आणि मावायला कुणी उरलेलंही नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात लहान गाड्या वेळेवर जयसिंगपूरला नेल्या. एस्टेट बंदच होती, शेडातच राहिली. पाणी उतरल्यावर तिच्या डिकीत घोटाभर गाळ होता. तशीच भंगारात दिली.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि त्या इथेनॉलमध्ये आमच्याच भागातल्या उसाचा वाटा आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, म्हणून टर्बोला ते मानवतं. पण त्याच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. चुलतभाऊ ॲव्हरेजच्या नावानं कुरकुरतो आणि उसाचा दर वाढवून मागायला जयसिंगपूरच्या ऊस परिषदेलाही जातो. दोन्ही एकाच तोंडानं.

पुढचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांच्या हिशोबानं २०३० साली. घरच्या ग्रुपवर आत्तापासून कुणाची कुठली गाडी यावर चर्चा सुरू झालीय. माझं मत मी सांगून टाकलंय: टर्बो-बिर्बो सगळ्या घरी ठेवा, सतरा सीटची एक ट्रॅव्हलर भाड्यानं घ्या, डिझेल वाटून भरू.