काळ्याचा हिशेब

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर लॅपटॉप मोकळा नव्हता, अगदी खरोखर. गेले तीन आठवडे रात्री जेवणं झाली की त्याला कामाला जुंपायचं. खाली हवा खेळावी म्हणून दोन विटा, समोर टेबलफॅन, आणि वर चिठ्ठी: "हात लावू नये. झाकण मिटू नये." आईने त्याचं नाव 'आजारी माणूस' ठेवलंय. सकाळी उठल्यावर विचारते, "काय, रात्र कशी गेली त्याची?"

तर झालं असं. मामावर मी एक माहितीपट करतोय हे घरात सगळ्यांना माहीत आहे (आणि "कधी दाखवणार?" हे विचारून सगळ्यांनी मला भंडावून सोडलंय). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मामा कुडाळ तालुक्यातल्या आमच्या आजोळी राहतो, शेती करतो, आणि गावच्या हौशी दशावतारात तीसेक वर्षं संकासुर करायचा. वेद पळवणारा हा राक्षस. काळा झगा, काळा मुखवटा आणि त्यातून लोंबणारी लांबलचक लाल जीभ. बाकीची पात्रं प्रमाण मराठीत गंभीरपणे बोलत असताना हा मालवणीत त्यांची टर उडवतो. लहानपणी मी त्याला बघून आईच्या पदराआड लपायचो आणि सकाळी त्याच मामाच्या खांद्यावर बसून फिरायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेत मामाने शेवटचा संकासुर केला. गुडघे साथ देईनात. ती रात्र मी मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर आणि माझ्या फोनवर टिपली. कापून, जोडून, पुन्हा कापून चोवीस मिनिटांची फिल्म झाली. आता महोत्सवांना पाठवायची. माहितीपटांचे महोत्सव म्हटलं की मला आधी मुंबईचा 'मिफ' आठवतो. तो १९९० पासून भरतो. पण आपण आपले छोट्या-मोठ्या पाच-सहा ठिकाणी अर्ज करू म्हटलं. मला वाटलं, काम संपलं. बटण दाबायचं आणि पाठवायचं.

इथून पुढे थोडं तांत्रिक आहे. मावशी, तू दोन-तीन परिच्छेद गाळलेस तरी चालेल. :)

एक साधा हिशेब बघा. पडद्यावरचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे तीन आकडे. म्हणजे एका चित्राला साधारण ६.२ एमबी. सेकंदाला अशी २५ चित्रं. चोवीस मिनिटांची चित्रं होतात ३६,०००, आणि काहीच न टाकता ठेवायची म्हटली तर लागतात २२४ जीबी! माझ्या लॅपटॉपची अख्खी डिस्क २५० जीबीची. आणि महोत्सवाची अट काय, तर एच.२६४ मधली एमपी४ फाईल, ५ जीबीच्या आत.

म्हणजे एक्स्पोर्ट करणं म्हणजे काय, तर टाकून देणं. काय ठेवायचं हा प्रश्नच नाही, काय टाकायचं हा आहे. सेकंदाला ८ मेगाबिट असा बिटरेट ठेवला तर फाईल होते १.४४ जीबी. (सेकंद गुणिले मेगाबिट भागिले आठ, की एमबी मिळतात. हे सूत्र भिंतीवर लिहून ठेवा.) दीडशेहून जास्त भागांतला एक भाग ठेवला आणि बाकीचे फेकले. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा कळतही नाही. भिंत तीच, आकाश तेच, मग प्रत्येक चित्रात ते पुन्हा कशाला लिहायचं? जे हललं, बदललं, तेवढंच लिहायचं. फार हुशार काम आहे.

पहिली फाईल मी अशीच ८ ची केली. लॅपटॉपवर झकास दिसली. दिवाळीत गावी गेलो तेव्हा पेन ड्राईव्हवर घेऊन गेलो आणि मामाच्या टीव्हीला लावली. मामा खुर्चीत ताठ बसून बघत होता. पूर्वरंग सुरू झाला, गणपती झाला, संकासुर आला. मामा पुढे झुकला. मग अजून झुकला. आणि म्हणाला,

"बाबू, माझो झगो खय गेलो रे? नुसतो डांबराचो डाग दिसता."

खरंच. काळ्या रात्रीपुढे काळा झगा, आणि दोन्ही मिळून एक सपाट काळा डाग. त्यात लोंबणारी जीभ तेवढी लाल. मी म्हटलं, "टीव्ही जुना आहे मामा." तो काही बोलला नाही. पण पुढची फिल्म त्याने पहिल्यासारखी बघितली नाही, हे मला कळलं.

पुण्याला परत आल्यावर बिटरेट वाढवला. १२ केला, १६ केला, २० केला. तीन रात्री गेल्या. घरच्या टीव्हीवर लावून बघितलं तर डांबर ते डांबरच. चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की ह्याचा बिटरेटशी संबंधच नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत काळा ० वर असतो आणि पांढरा २५५ वर. दुसरीत, जी टीव्हीची, काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. माझी फाईल पहिल्या पद्धतीची होती आणि टीव्ही ती दुसरी समजून वाचत होता. त्यामुळे सोळाच्या खालचं सगळं त्याच्या लेखी नुसतं काळं. मामाचा झगा नेमका त्या सोळाच्या खाली राहत होता! सेटिंगमध्ये एक खूण बदलली आणि झगा परत आला. तीन रात्रींचं वीजबिल फुकट. असो.

पण झगा परत आला तसा दुसरा रोग दिसायला लागला. त्यात चौकोन हलत होते. नाचताना तर बुद्धिबळाचा पट पांघरल्यासारखं. कारण ही आकडेमोड आपल्या डोळ्यांची उणीव जाणून असते. अंधारातलं बारीकसारीक माणसाला फारसं दिसत नाही, तर काटकसर तिथेच करा, असा तिचा खाक्या. तिला काय माहीत की माझी फिल्मच अंधारातल्या काळ्या माणसाची आहे.

माझ्याकडे सेकंडहँड लॅपटॉप, चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमध्येच एक झटपट एक्स्पोर्टची सोय आहे. ती वीस मिनिटांत फाईल हातात देते, पण घाईघाईत आवरल्यासारखी. दुसरा मार्ग म्हणजे एक्स२६४ ला 'स्लो' वर ठेवायचं आणि दोन फेऱ्या करायला सांगायच्या. पहिल्या फेरीत तो फाईल न करता नुसतं बघतो, कुठे किती खर्च येणार आहे. दुसऱ्या फेरीत ऐपतीप्रमाणे वाटणी करतो. आई पगाराच्या दिवशी किराणा, दूध, फी अशी पाकिटं करायची ना, अगदी तसंच. त्यात अंधाऱ्या भागाला जरा जास्त द्यायची एक सोय आहे ('एक्यू मोड ३' म्हणतात), ती चालू केली. २० मेगाबिट, दोन फेऱ्या. वेळ? पाच तास. म्हणून ती रात्रपाळी, त्या विटा आणि तो टेबलफॅन. एकदा साडेचार तास झाल्यावर बॅटरी सैल बसल्याचं लाईट गेल्यावर कळलं. त्या रात्रीबद्दल न बोललेलं बरं.

मला त्यातून एक कळलं. मशीन साधं असलं म्हणून फाईल वाईट व्हायला हवी असं नाही. महागड्या मशीनवाला पैसे देतो, आपण वेळ द्यायचा. पण आपल्याकडे वेळही मोजकाच, म्हणून तो नेमका कुठे द्यायचा ते ठरवावं लागतं. मी आधी पूर्ण फिल्म पाच-पाच वेळा एक्स्पोर्ट करत बसलो, तो शुद्ध वेडेपणा. नंतर शहाणा झालो. फिल्ममधली सगळ्यात अवघड तीस सेकंदं काढली (संकासुराचा नाच), तेवढीच वेगवेगळ्या सेटिंगने करून टीव्हीवर बघितली. ती तगली की बाकीची फिल्म तगतेच.

अजून थोडं, कुणाच्या उपयोगी पडलं तर. आवाजात काटकसर करू नका. ३२० किलोबिटने अख्ख्या चोवीस मिनिटांचा आवाज ५८ एमबीत बसतो, आणि पखवाजाची थाप फाटली तर चित्र कितीही चांगलं असो, काही उपयोग नाही. फोनचं चित्रण सेकंदाला कधी २९ चित्रं, कधी ३० असं मनाला येईल तसं चालतं. ते संकलनाआधीच एका ठरावीक वेगात बदलून घ्या, नाहीतर ओठ आणि शब्द हळूहळू वेगळे होतात. आणि महोत्सवाची फाईल म्हणजे फिल्म नव्हे. मी आधी 'प्रोरेस ४२२' मध्ये एक मूळ प्रत करून ठेवली, इंग्रजी सबटायटल न चिकटवलेली. ती २२ जीबी झाली. पेन ड्राईव्हवर मात्र जाईना, जागा असूनही! तो फॅट३२ चा होता, त्याला ४ जीबीच्या वरची एक फाईल चालत नाही. शेवटी बाहेरची हार्ड डिस्क घेतली. पुढेमागे कुठे निवड झाली आणि थिएटरसाठी डीसीपी मागितली, तर ती ह्या प्रतीवरून करता येईल. 'डीसीपी-ओ-मॅटिक' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यासाठी. लॅपटॉपला मात्र अजून सांगितलेलं नाही. :)

गेल्या शनिवारी पुन्हा गावी गेलो. नवी फाईल ३.६ जीबीची, पेन ड्राईव्हवर जेमतेम मावली. मामा तसाच ताठ बसला. संकासुर आला, वळला, पाठ केली.

"थांबव," मामा म्हणाला.

थांबवलं. तो उठून टीव्हीजवळ गेला आणि झग्याच्या डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. तिथे काळ्यावर काळं एक ठिगळ होतं. हातशिलाई, जरा तिरकी. मी ही फिल्म दोनशे वेळा बघितली असेन, मला ते कधी दिसलं नव्हतं.

"ह्या तुझ्या मामीन घातलेला."

मामी त्या जत्रेआधीच्या पावसाळ्यात गेली. फिल्ममध्ये ती कुठेच नाही. निदान मला असं वाटत होतं.

तेव्हा कळलं की दिवाळीत मामा टीव्हीकडे झुकून काय शोधत होता. आणि मी त्याला टीव्ही जुना आहे म्हणून सांगितलं.

काळ्यावरचं काळं ठिगळ. कुठल्याही मशीनला विचारा, सगळ्यात आधी टाकून द्यायची गोष्ट हीच. त्यात मशीनची काही चूक नाही. काय महत्त्वाचं ते त्याला आपण सांगायचं असतं, आणि त्यासाठी आधी ते आपल्याला माहीत असावं लागतं. मला तरी कुठे माहीत होतं?

अर्ज गेलेत. निकाल यायला वेळ आहे, आले की इथे लिहीनच. निवड झाली नाही तरी काही बिघडत नाही असं म्हणणार नाही, बिघडेल थोडं. पण निघताना मामाने पेन ड्राईव्ह परत दिला नाही. देवघरातल्या फळीवर ठेवलाय, मामीच्या फोटोशेजारी.

'आजारी माणूस' सध्या विश्रांती घेतोय. विटा अजून तशाच आहेत.