हत्यारांची निवड

घरोघरी हत्यारांची एक पेटी असते. हातोडी, पक्कड, दोनचार पाने, वाकलेले खिळे आणि कोणत्या कुलपाची हे कोणालाच न आठवणारी एखादी किल्ली असा तिचा संसार असतो. ही पेटी ठरवून भरलेली नसते. अडल्या वेळी एकेक वस्तू तीत येऊन पडलेली असते. परंतु काही कामे अशी असतात की, आधी हत्यारे निवडावीत आणि मगच कामास हात घालावा. न पेक्षा काम तर बिघडतेच, प्रसंगी डोळाही गमवावा लागतो. मोटारीच्या इंजिनातील व्हॉल्व्ह सील बदलणे हे अशा कामांपैकी एक होय.

इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह असतात. पेट्रोल-हवा आत घेणे व जळका धूर बाहेर सोडणे हे त्यांचे काम. प्रत्येक व्हॉल्व्हची दांडी एका नळीतून वरखाली होत असते आणि तिला वंगण म्हणून थोडे तेल लागते. हे तेल गरजेपुरतेच खाली जावे, म्हणून दांडीवर रबराची एक लहानशी टोपी बसविलेली असते. तीच व्हॉल्व्ह सील. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते, त्याची ओठासारखी कड दांडीला धरीनाशी होते आणि तेल झिरपून जळू लागते. वस्तू अंगठ्याच्या नखाएवढी, पण तिच्यापायी गाडीमागे निळ्या धुराचे लोट निघतात.

वडोदऱ्यास आमच्या वहिनी राहतात. थोरले बंधू वारल्यापासून विद्यार्थ्यांना व नोकरदारांना जेवणाचे डबे पोचवून त्यांनी संसार सांभाळला आहे. डबे वाहणारी त्यांची गाडी म्हणजे जुनी मारुती ऑम्नी. हा नमुना १९८४ साली प्रथम बाजारात आला आणि २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले. पण दुधाच्या, भाजीच्या व डब्यांच्या फेऱ्यांसाठी या गाड्या अजूनही राबताना दिसतात. वहिनींची गाडी सकाळी सुरू होताच निळा धूर सोडू लागली. एका गॅरेजने सांगितले की, इंजिन पूर्ण उघडावे लागेल. सांगितलेला आकडा ऐकून वहिनी म्हणाल्या, "भावजी, एवढे पैसे गाडीत घातले, तर मुलीची यंदाची फी कोठून भरू? आणि गाडी विकली, तर डबे डोक्यावरून नेऊ काय?" या प्रश्नास उत्तर देणे आम्हांला भाग होते.

आयटीआयमध्ये शिकत असलेला आमचा पुतण्या त्याच दिवशी हत्यारे आणावयास निघाला होता. आम्ही त्यास थांबविले. पहिले हत्यार दुकानात मिळत नाही. ते म्हणजे निदान. काळा धूर पेट्रोल जादा जात असल्याचे सांगतो. दाट पांढरा धूर सरत नसेल, तर पाणी आत शिरल्याची शंका येते. निळा धूर तेलाचा. पण तेलाला इंजिनात शिरण्याच्या वाटा दोन: वरून सीलमधून आणि खालून पिस्टनच्या रिंगांवरून. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू होताना धूर येऊन मग ओसरतो, तेव्हा बहुधा सील दोषी असतात. भार घेऊन चालताना धूर सतत येतो, तेव्हा रिंगांवर संशय घ्यावा. पावागडच्या माचीवरून उतरताना वहिनींची गाडी शांत असे. पण उतार संपून पायाने वेग दिला की, मागे निळा ढग उठे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला म्हणजे इंजिनात हवेची ओढ वाढते व सैल सीलमधून तेल आत खेचले जाते, हे त्याचे कारण.

तरीही खात्री हवी. दाब मोजण्याचे मापक आम्ही एका ओळखीच्या कारागिराकडून एका संध्याकाळपुरते मागून आणिले. तिन्ही सिलिंडरांचा दाब जवळपास सारखा भरला आणि चमचाभर तेल आत घालून पुन्हा मोजला, तरी तो फारसा वाढला नाही. रिंगा झिजल्या असत्या, तर त्या तेलाने फट बुजून दाब वाढला असता. इंजिन पूर्ण उघडण्याची गरज नाही, एवढे ठरले.

आता हत्यारे. इंजिनाचे डोके न काढता सील बदलावयाचे, तर स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह खाली सिलिंडरात पडता कामा नये. त्यासाठी दोन उपाय आहेत. एक, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडणे. परंतु त्यास अखंड हवा देणारा कॉम्प्रेसर व खास जोडनळी लागते, आणि हवेच्या जोराने इंजिन अवचित फिरूही शकते. दुसरा उपाय गरिबाचा: पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून मऊ, घट्ट विणलेली दोरी आत सोडावी, तिचे टोक बाहेर ठेवावे आणि इंजिन हाताने हळूच फिरवून दोरी व्हॉल्व्हखाली दाबून धरावी. दोरी धागे सुटणारी नसावी, एवढेच पथ्य. आम्ही दोरी निवडली.

स्प्रिंग दाबण्याच्या हत्याराची निवड याहून अवघड. बाजारात स्वस्त मिळतो तो इंग्रजी 'सी'च्या आकाराचा शिकंजा; पण तो व्हॉल्व्हला दोन्ही बाजूंनी पकडतो, म्हणून डोके काढल्यावाचून त्याचा उपयोग नाही. आम्हांला हवे होते इंजिनावरच आधार घेऊन वरून दाबणारे, तरफेचे हत्यार. त्यातही ऑम्नीचे इंजिन पुढील आसनाखाली असल्याने लांब दांड्यास फिरावयास जागाच नाही. म्हणून पुतण्यास आम्ही आधी जागा मोजावयास लाविले आणि आखूड दांड्याचे हत्यार आणविले. स्वस्त नव्हे, मोठे नव्हे, तर जागेस व कामास जुळणारे, हीच निवडीची कसोटी.

उरलेली यादी लहान होती. दर व्हॉल्व्हला दोन याप्रमाणे बारा इवलेसे लॉक उचलण्यास लोहचुंबकाची कांडी. जुने सील ओढण्यास बारीक तोंडाची पक्कड. नवे सील सरळ बसविण्यास योग्य व्यासाचा नळीचा तुकडा. घट्टपणा मोजणारा टॉर्क पाना. शेवटी व्हॉल्व्हची फट तपासण्यास फीलर गेज. दांडीच्या खाचेने नव्या सीलची कड कापू नये, म्हणून दांडीवर चढविण्याची प्लॅस्टिकची टोपी. तेलाच्या वाटा बुजविण्यास स्वच्छ फडकी. आणि सर्वांत आधी, डोळ्यांवरचा चष्मा. कारण दाबलेली स्प्रिंग निसटली, तर ती गोळीसारखी उडते. टॉर्क पाना व गेज आम्ही मागून आणिले. बाकीचे विकत घेतले. सारा खर्च गॅरेजच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला.

हे सर्व वडोदऱ्यात घडावे, यात आम्हांस औचित्य वाटले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ साली येथे गादीवर बसला, तेच महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापिले व प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती ते सोपविले. लोकांच्या भाषेत यंत्रविद्या व हातकाम शिकवावे, ही त्यामागील दृष्टी. आज ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावले आहे. हाताने काम करणे म्हणजे बुद्धीचा अभाव नव्हे, ही शिकवण मात्र प्रत्येक घराने नव्याने घ्यावी लागते.

दोन दिवस काम चालले. सहा सील बदलले, बारा लॉक मोजून परत बसले. जुने सील नखाने मोडत होते. एका व्हॉल्व्हची दांडी हलवून पाहता तिच्या नळीत किंचित ढिलाई आढळली. ती झीज नव्या सीलने जात नाही, पुढेमागे ते काम कारखान्यातच करावे लागेल. हे आम्ही वहिनींना त्याच दिवशी सांगितले. त्या म्हणाल्या, "सांगितलेत ते बरे केले. तोवर थोडे थोडे बाजूला टाकीन." मुलीची फी वेळेवर भरली गेली.

वाचकहो, आपल्या अंगणातही पाण्याचा पंप, फवारणी यंत्र वा जुनी गाडी असेल. ती बिघडली, तर आधी दुखणे ओळखावे. मग कोणते हत्यार विकत घ्यावे, कोणते मागून आणावे व कोणते घरीच करावे, याची यादी करावी. मागून आणलेले हत्यार पुसून, तेल लावून, त्याच दिवशी परत करावे. आणि जे काम आपल्या हत्यारांच्या पलीकडचे आहे, ते जाणत्या कारागिराच्या हाती द्यावे. त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये.