नेमलेले पाणी

जहाजावर पोहण्याचा तलाव असतो हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हां दोघींना हसूच आले होते. चहूकडे समुद्र असताना पाण्याची आणखी एक टाकी डोक्यावर घेऊन हिंडणे म्हणजे काशीच्या वाटेवर कमंडलूतले गंगाजल जपत बसण्यासारखे. त्यात हे जहाज अलास्काला जाणारे. मे महिन्याच्या अखेरीसही जिथे भर दुपारी लोकरीची टोपी काढवत नाही, तिथे उघड्यावर पोहायला कोण उतरणार? तरीही सामान भरताना आम्ही दोघींनी, एकमेकींना न सांगता, आपापला पोहण्याचा पोशाख बॅगेच्या तळाशी ठेवला होता. सिअ‍ॅटलला बॅगा उघडल्या तेव्हा हे गुपित फुटले. यजमानीण बहीण म्हणाली, "अगं, तिथे लोक बर्फ बघायला जातात!" आम्ही काही बोललो नाही. सांगण्यासारखे होते, पण ते एका वाक्यात मावणारे नव्हते.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीची धाकटी बहीण सिअ‍ॅटलला असते. तिच्या सासूसासऱ्यांना व्हिसा वेळेत मिळाला नाही आणि त्यांच्यासाठी घेतलेली जहाजावरची खोली रिकामी राहिली. ती २०२३ च्या उन्हाळी सुटीत आमच्या वाट्याला आली. सात रात्रींचा प्रवास. १८८६ साली, हिवाळा सरलेला नसताना, अटलांटिक ओलांडणाऱ्या पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' आम्ही वर्गात शिकवलेले. त्यामुळे जहाजाच्या शिडीवर पाय ठेवताना आपण एका परंपरेत पाऊल टाकत आहोत असे वाटून गेले. आत गेल्यावर समोर आले ते आइस्क्रीमचे यंत्र. असो.

जहाजावर तलाव दोन होते. एक मध्यभागी, वर सरकते काचेचे छप्पर असलेला. थंडीत ते छप्पर बंद ठेवतात आणि आत दमट ऊब साठते. तिथे मुलांचा कल्लोळ अखंड चाले. दुसरा जहाजाच्या मागच्या टोकाला, आभाळाखाली. त्याच्या शेजारी गरम पाण्याचे एक वाटोळे कुंड होते आणि त्यात माणसे गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारत बसलेली असत. तलाव मात्र रिकामा. कडेला पाटी होती : येथे जीवरक्षक नाही, आपल्या जबाबदारीवर उतरावे.

टॉवेल देणारा कर्मचारी गोव्याचा निघाला, सासष्टीचा. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात आणि कित्येक घरांच्या दोन-तीन पिढ्या याच कामात गेलेल्या असतात. आम्ही आपसात मराठीत कुजबुजताना त्याने ऐकले आणि तो हसून म्हणाला, "उदक हून आसा बाय, भियेनाकात." पाणी समुद्राचेच असते, गाळून आणि तापवून आत सोडतात, ही माहितीही त्याचीच. तो स्वतः त्यात कधी उतरला नव्हता. प्रवाशांच्या तलावात कर्मचाऱ्यांना मज्जाव असतो. सहा महिने झाले होते त्याला घर सोडून.

समुद्राचेच पाणी; पण गाळलेले, तापवलेले, मोजून घेतलेले, चौकटीत बसवलेले. आम्ही एकमेकींकडे पाहिले. दोघींच्याही मनात एकच शब्द आला होता : उतारा. जन्मभर आम्ही दुसरे काय केले? मोठ्या ग्रंथातून पानभर मजकूर काढायचा, त्याच्या कठीण कडा टिपांनी घासून गुळगुळीत करायच्या, आणि तो मुलांपुढे ठेवून 'पुढील उताऱ्याचे रसग्रहण करा' असे म्हणायचे. हा तलाव म्हणजे समुद्रातून काढलेला उताराच होता. नेमलेले पुस्तक असते, तसे हे नेमलेले पाणी.

जुनो बंदरात बरेचसे प्रवासी गाव पाहायला उतरले. त्या दुपारी आम्ही प्रथम तलावाशी गेलो. हवा दहा अंशांच्या आसपास असावी. थंड प्रदेशात पोहण्याविषयी जो समज असतो तो तिथे पहिल्या पाच मिनिटांत मोडला. कठीण असते ते पाणी नव्हे. कठीण असते ते झगा काढून पाण्यापर्यंत चालत जाण्याचे दहा पावलांचे अंतर. ओल्या फळ्या, उघडे पाय, आणि खाडीवरून येणारा वारा. त्या दहा पावलांत परत फिरण्याची सगळी कारणे सुचतात आणि ती सगळी तर्कशुद्ध असतात. एकदा पाण्यात शिरले की मात्र ते अंगाला शालीसारखे लपेटते. डोक्याभोवती वाफ, केसांत गारवा आणि गळ्याखाली ऊब. बाहेर येताना अवघडपणा दुप्पट, कारण ओल्या अंगावरचे पाणी वाऱ्याने उडू लागते आणि जाताना अंगातली ऊब घेऊन जाते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाण्या झालो. झगा पायऱ्यांच्या अगदी लगत ठेवायचा, केस आधीच टोपीत बांधायचे, आधी कुंडात थोडे बसायचे, मग तलाव, मग पुन्हा कुंड.

पण त्या दहा पावलांची आम्हांला भीती वाटली तिचे कारण थंडी एवढेच नव्हते. आता ते सांगायला हवे.

२०१४ च्या जानेवारीत आम्ही द्वितीय वर्षाच्या मुलांची सहल कोकणात नेली होती. दुपारची वेळ, रिकामा किनारा. गुडघ्यापर्यंतच जा असे आम्ही बजावले होते आणि चपला हातात घेऊन कोरड्या वाळूवर उभ्या होतो. एक मुलगा बघता बघता आत ओढला गेला. तो हात हलवत होता आणि काही क्षण आम्हांला वाटले की तो मजेत हात करतो आहे. मग कोणीतरी किंचाळले. आम्ही दोघी पाण्याच्या रेषेपर्यंत धावलो आणि तिथे थांबलो. दोघींनाही पोहता येत नव्हते. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या कोळ्यांपैकी दोघे दोर आणि रिकामा डबा घेऊन पाण्यात शिरले आणि त्यांनी त्याला काढले. मुलगा वाचला. त्यांच्यातले वडीलधारे गृहस्थ रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "ओहोटी लागल्याली बाई. आमाला इचारायचं तरी."

मुलगा वाचला म्हणून या प्रसंगाची कुठे नोंद झाली नाही. परतीच्या बसमध्ये मुलांनी गाणीही म्हटली. आम्हीही कोणाशी त्याबद्दल बोललो नाही, एकमेकींशीही नाही. मग १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाल्याची बातमी आली. ती ऐकली तेव्हा आम्ही शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर बसलो होतो. त्या वेळी एकमेकींच्या चेहऱ्यावर जे दिसले ते आजही लिहिता येत नाही. त्यांच्या आणि आमच्या सहलीत फरक होता तो जाळी विणत बसलेल्या दोन माणसांचा.

त्याच एप्रिलमध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, आम्ही नगरपालिकेच्या तलावावर महिलांच्या वर्गात नाव घातले. सकाळी शाळकरी मुली सुरासारख्या पाणी कापत जात आणि आम्ही दोघी कडेचा गज धरून पाय मारत असू. 'पाण्यात पडले की पोहता येते' ही म्हण रचणारा माणूस नक्कीच काठावर बसलेला असावा. आम्हांला तीन महिने लागले. शिकवणाऱ्या बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत : "मॅडम, पाण्याशी भांडू नका." त्या वर्षी वर्गात पाण्याच्या प्रतिमेवर बोलताना आम्हां दोघींचीही जीभ अडखळू लागली होती. भवसागर, पैलतीर, तारू हे शब्द आम्ही इतकी वर्षे किती सहज फळ्यावर लिहीत आलो होतो! तीर्थ, अवतार, तारक या सगळ्यांच्या मुळाशी 'तॄ' हा एकच धातू आहे हे आम्ही सांगत असू. 'उतरणे' आणि आमचा तो 'उतारा' हीदेखील त्याच कुळातली. ओलांडून जाणे हा त्याचा अर्थ. पाण्यात उतरणे आणि पाणी तरून जाणे यांत भाषेने एवढे जवळचे नाते ठेवले आहे, आणि आम्ही ते कोरड्या वाळूवर उभ्या राहून समजावून देत होतो.

पोहायला शिकलो की त्या दुपारचे ओझे उतरेल, असे आम्हांला तेव्हा वाटत होते. ते का उतरले नाही, याचे उत्तर या प्रवासात मिळाले.

चौथ्या दिवशी जहाज ग्लेशियर बेमध्ये शिरले. उद्यानाचे वनरक्षक सकाळी छोट्या बोटीतून जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. १७९४ साली व्हँकुव्हरच्या मोहिमेतील माणसे इथे आली तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच. बर्फाची भिंत तोंडाशी उभी होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर आला तोवर बर्फ तीस मैलांहून अधिक मागे हटला होता आणि १९१६ पर्यंत सुमारे साठ मैल. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, पुढे सरकणाऱ्या याच बर्फाने इथल्या ट्लिंगिट लोकांना त्यांच्या गावांतून बाहेर काढले होते. २०१६ साली बार्टलेट कोव्हला त्यांचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले. ते सालही २०१६ होते, याचा आम्हांला उगीचच आधार वाटला.

सगळे जहाज पुढच्या बाजूला गर्दी करून उभे असताना आम्ही मागच्या तलावात उतरलो. पाण्यातून हिमनदी दिसत नाही हे सांगायला हवे. कठडा आड येतो. दिसते ते फक्त आभाळ आणि डोंगरांचे पांढरे माथे. मधूनच दूर कुठेतरी बर्फाचा कडा कोसळल्याचा गडगडाट तेवढा ऐकू येतो. तो पाहायचा तर ओल्या अंगाने बाहेर येऊन कठड्याशी उभे राहावे लागते. आम्ही तसे केले. झगे गुंडाळून, दात वाजत असताना, खाली पाहिले. करडे हिरवे पाणी आणि त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे. आमच्या मागे ऊन पाण्याचा तलाव आणि पुढे, काही मजले खाली, तेच पाणी न नेमलेल्या अवस्थेत.

अशा पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते हे प्रवासाआधी आम्ही वाचले होते. पहिले मिनिट श्वास सावरण्यातच जाते, त्यानंतर जेमतेम दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नसतो. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवरही पोहण्याचा तलाव होता. त्यात तापवलेले समुद्राचे पाणी होते आणि स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी वेगळ्या वेळा होत्या, अगदी आमच्या नगरपालिकेसारख्या. त्या तलावात पोहलेल्यांना बाहेरच्या पाण्यात त्या पोहण्याचा काय उपयोग झाला असेल?

कठड्याशी उभ्या असताना जे कळले ते साधे होते. २०१४ च्या त्या दुपारी आम्हांला पोहता येत असते तरी आम्ही त्या मुलाला वाचवू शकलो नसतो. कदाचित तिघे बुडालो असतो. बुडणाऱ्याला वाचवण्याचा पहिला नियम पाण्यात उडी न घेण्याचाच आहे. दोर फेकावा, काठी पुढे करावी, तरंगणारे काही द्यावे, जाणत्यांना हाक मारावी. म्हणजे आम्ही नऊ वर्षे ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देत होतो, ती चूक आमची नव्हती. आमची चूक वेगळी होती आणि ती जास्त मोठी होती. आम्ही कोणाला विचारले नव्हते. भरती-ओहोटीची वेळ, तळाची घसरण, पाण्याची ओढ, यांतले काहीही न जाणता आम्ही पन्नास मुलांना समुद्रासमोर सोडले होते, जणू तो एक नेमलेला उतारा होता आणि रसग्रहणाखेरीज त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. त्या वृद्ध कोळ्याने हे तेव्हाच एका वाक्यात सांगितले होते.

परतताना शेवटच्या रात्री खुल्या समुद्रात जहाज डोलू लागले. तलावातले पाणी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर धडकू लागले, सांडू लागले. आमच्या गोव्याच्या मित्राने त्यावर जाळे ओढले आणि चारी कोपरे घट्ट बांधले. "आता पुरे, बाय," तो म्हणाला. एवढेसे नेमलेले पाणीसुद्धा समुद्राची हाक आली की नेमलेले राहत नाही.

आमच्या विभागाची सहल आता पुन्हा कोकणात जाते. परवानग्या आणि अर्ज आता पुष्कळ लागतात, तो भाग वेगळा. आम्ही आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या माणसांना भेटतो, वेळा लिहून घेतो, कुठे उतरू नये ते विचारतो. बसमध्ये जाड दोर असतो आणि झाकण घट्ट लावलेले चार रिकामे डबे. मुले हसतात. ओहोटी असेल तर कोणीही पाण्यात जात नाही. नसेल तर घोट्यापर्यंत. आणि आम्ही दोघी मुलांच्या मागे वाळूवर उभ्या राहत नाही. आम्ही त्यांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, पाण्यात उभ्या राहतो, आणि मोजत असतो.