उत्तरपूजा

आमचे माजघरांतील कोनाड्यांत एक काळी पेटी आहे. एका चुलीवर जेवणाऱ्या आम्हां चार भावांच्या कुटुंबांचीं कागदपत्रें, मुलांचीं टिपणें, लग्नमुंजींचीं छायाचित्रें तींत सांठविलेलीं असून, घरांतील प्रत्येकास तीं आपापल्या यंत्रावर पाहतां येतात. पुतण्या तिला 'नॅस' म्हणतो. मी कोठी म्हणतों. आंत दोन तबकड्या आहेत. एकीवर जें लिहिलें जातें तेंच दुसरीवरही उमटतें, म्हणून एक बिघडली तरी दुसरी राहते.

गेल्या वैशाखांत एके दुपारीं वळवाचा गडगडाट सुरू झाला. विजेनें पेटी जळूं नये या सद्धेतूनें, दिवा मालवावा तितक्या सहजपणें मीं भिंतीवरील बटन बंद केलें. नेमकी त्याच वेळीं माडीवर धाकटी सून माझ्या दिवंगत भगिनीच्या, आमच्या अक्कांच्या, आवाजांतील ओव्या आपल्या फोनांतून पेटींत हलवीत होती. एकंदर १४ ओव्या होत्या. संध्याकाळीं १३ वाजल्या, चौदावी उघडेना. फोनांतूनही ती निघून गेली होती.

पुतण्या रागावला नाहीं. तो म्हणाला, "काका, पेटीनें 'पोंचलें' म्हटलें तरी तें प्रथम केवळ तिच्या स्मरणांत असतें, तबकडीवर उतरावयास कांहीं क्षण लागतात. वीज गेली कीं स्मरण पुसलें जातें." दोन्ही तबकड्या शाबूत होत्या, परंतु जें एकीवर उतरलेंच नाहीं तें दुसरीवर कोठून येणार?

जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें, घरीं गणपति बसविले; उत्तरपूजा झाल्यावांचून मूर्ति जागेवरून हालवूं नये हें मला कोणीं सांगावयास नको होतें. तोच नियम येथें आहे. आतां पेटी बंद करावयाची झाल्यास मी प्रथम घरांत सर्वांस विचारतों, "कोणाचें कांहीं चाललें आहे काय?" नंतर पडद्यावर पाहतों कीं तबकड्यांची तपासणी वा दुरुस्ती चालू नाहीं ना, असल्यास ती पुरी होऊं देतों. मग पडद्यावरूनच 'बंद करा' अशी आज्ञा देतों. पेटी उघडे ग्रंथ मिटते, स्मरणांतील शेष तबकड्यांवर उतरविते, आणि मग दिवे विझतात. ते विझल्यावरच भिंतीवरील बटनास हात लावावा. पुन्हा सुरू करावयाचें असल्यासही आज्ञा पडद्यावरूनच द्यावी, आणि पेटी पूर्ण जागी होईपर्यंत तिला छेडूं नये. पेटीचें बटन बराच वेळ दाबून धरणें म्हणजे बळानें प्राण काढणें. अन्य उपाय खुंटल्यावरच तें करावें.

पुतण्यानें आतां पेटीस यूपीएस जोडला आहे. वीज गेल्याची वार्ता एका तारेनें पेटीस कळते, आणि बॅटरी संपण्यापूर्वी ती आपण होऊन रीतसर बंद होते. शिवाय सर्व संग्रहाची एक प्रत निराळ्या तबकडीवर घेऊन ती धाकट्या बहिणीच्या घरीं ठेविली आहे. कारण एकाच पेटींतील जुळ्या तबकड्या म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेलें दोहींवरूनही पुसलें जातें.

चौदाव्या ओवीचें नांव अद्याप यादींत आहे. तें उघडत नाहीं. सुनेनें एकदां तें काढून टाकूं काय म्हणून विचारलें. मीं राहूं दे म्हटलें. पेटी बंद करण्यापूर्वी मी तें एकवार वाचतों, आणि मग आज्ञा देतों.